यिगितअली अकांचा नागडा ओसमान

यिगितअली अका डोंगरातल्या शेवटच्या गावापर्यंत छोटी बस चालवतात आणि त्यांना रोजच्या कामाला तीन वाक्यं पुरतात: "धरून बसा," "वळण आहे," आणि "उतरा." चौथं वाक्य ऐकलंय असं सांगणारा माणूस आमच्या वोदिल गावात सापडणं कठीण. अर्ध्या घाटात ते मधेच गाडी थांबवतात, बोनेट उघडं टाकतात आणि रस्त्याखालच्या ओढ्यात उतरतात. वर प्रवासी कावलेले. "अका, लेकरू रडतंय हो!" "अका, माझं दूध नासेल!" खालून एकच आवाज, "धरून बसा!" मग गुडघ्यापर्यंत भिजलेली विजार आणि हातात दुधाची किटली घेऊन ते वर येतात. चेहरा असा गंभीर, की इंजिनच खोलून परत बसवलंय. बोनेट लावतात. किटलीत मासा असतो.

खायला नाही. ही गोष्ट आमच्या गल्लीला आजपर्यंत पचलेली नाही.

त्यांच्या घरामागं तुतीच्या झाडाखाली हौद आहे. गल्लीच्या पाटातलं बर्फाचं पाणी एका तोंडानं त्यात येतं आणि दुसऱ्या तोंडानं, फळीखालून, परत पाटात जातं. हौद तर आमच्याकडंही आहे. आमच्यात कलिंगडं गार होतात आणि बदकं पोहतात. त्यांच्या हौदात मात्र असली चिल्लीपिल्ली मंडळी राहतात की डोंगरातल्या गुराख्यांशिवाय कुणी पाहिलेली नसावीत. पोटानं दगडाला घट्ट चिकटून बसणारे मिशाळ मासे. वाळूत तोंड खुपसून शेपटीवर उभे राहणारे बोटाएवढे. पोटातून काळे असणारे, ज्यांची अंडी खाल्ली तर माणूस आडवा होतो. आणि तळाच्या फरशीखाली, सगळ्यात गार कोपऱ्यात, ओसमान.

हाताएवढा लांब, पाठ काळपट, अंगावर खवला म्हणून नाही. गुराखी त्याला नागडा ओसमान म्हणतात. अकांनी तो आणला तेव्हा काडीएवढा होता आणि त्यांचा मुलगा सिरोजिद्दीन शाळेत जायला लागला होता. आता सिरोजिद्दीनला दाढी आहे आणि ओसमान अकांच्या बोटांतून गांडूळ काढून घेतो. इतक्या अलगद की अका डोळे मिटतात.

इनोबत खोला, म्हणजे अकांची बायको, हे रोज स्वयंपाकघराच्या दारातून बघतात. त्यांचं बोलणं लांबलचक, प्रत्येक शब्दाला शेपूट. "बघाऽऽ! माझ्या आईनं मला नवरा म्हणून दिलाऽऽ, निघाला कोळी! सकाळी उठून बायकोकडं बघायचं नाही, आधी त्याला सलाम!"

"तो उलट बोलत नाही," अका म्हणतात. वोदिलमधलं चौथं वाक्य हेच, आणि ते मी भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे.

कोपऱ्यावर चहाखाना चालवणारे सोतवोल्दी अका नाकातून बोलतात आणि ओसमानवर त्यांचा डोळा कायमचा. "यिगितअली, अरे लाज वाटते रे, आयाबायांच्या गल्लीत हा असा नागडा! माझ्याकडं दे. पिठात घोळवतो. निदान अंगावर काहीतरी येईल त्याच्या."

अका ऐकतात. "वळण आहे," म्हणतात आणि वळून घरी जातात.

या वसंतात सिरोजिद्दीनचं लग्न झालं. सून आणली योज्योवोनच्या वाळवंटी बाजूची. नाव मुअत्तर. तिच्या माहेरी पाणी पाळीनं येतं, आणि जे येतं ते हौदात साठवून तेच प्यायचं. तिथं हौदात हिरवा धागा जरी दिसला तरी पाहुणे चहाला हात लावत नाहीत, आणि घरातल्या बाईची शोभा गावभर होते. म्हणून वसंत आला की तिथल्या बायकांचं पहिलं काम एकच: हौद उपसायचा, राख आणि विटकरीनं घासायचा, लख्ख करायचा. हे मला मुअत्तरनंच नंतर सांगितलं. तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण विचारणार कोण? आमच्याकडं नव्या सुनेनं चाळीस दिवस मोठ्यांपुढं मान वर करायची नाही. छातीवर हात, कमरेत वाकून सलाम, आणि काही मागायचंच झालं तर 'ओयीजान' म्हणून सासूच्या कानात, मांजर चालल्यासारखं. सासऱ्याशी तर बोलायचंच नाही, 'ओताजान' अशी हाकसुद्धा नाही. सासरेही सुनेशी बोलत नाहीत, नुसता दुवा देतात. "हौदाला हात लावायचा नाही" हे यिगितअली अकांनी अख्ख्या गल्लीला, पोस्टमनला आणि आमच्या बदकांनासुद्धा सांगून ठेवलेलं होतं. राहिली एकटी सून.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी बायका सूनमुख बघायला येणार होत्या. इनोबत खोला उसने आणलेले वाडगे परत द्यायला गेल्या. सिरोजिद्दीन खुर्च्या पोहोचवायला गेला. अका बसवर. मुअत्तर घरात पहिल्यांदाच एकटी. अंगण झाडून झालं, गल्ली झाडून झाली, दोन्हीवर पाणी शिंपडून झालं. हातात झाडू, समोर वेळ, आणि तुतीखाली हिरवागार, शेवाळानं भरलेला, लाजेनं मान खाली जावी असा हौद.

आम्हाला कळलं ते असं. माझी आई दारापुढच्या पाटाच्या काठावर बसून पाण्यात टेकवलेल्या पातेल्यात कोथिंबीर धूत होती. पातेलं वर उचललं तर बुडाला बाहेरून एक मिशाळ मासा चिकटलेला. मिशा हलवतोय.

"वाऽय, मेले मी!" आईनं पातेलं फेकलं. "पातेल्याला मिशा फुटल्या!"

मी बघितलं. पाटातून अजून एक मासा चालला होता, त्यामागं दोन, त्यामागं हिरव्या शेवाळाचा एक मोठा गोळा, एखाद्या म्हाताऱ्याची दाढी वाहून यावी तसा. आणि गोळ्यामागून आमची बदकं, जन्मात पहिल्यांदा धावत.

आम्ही मागच्या दारानं अकांच्या अंगणात शिरलो आणि तिथंच थिजलो.

हौद पांढरा होता. आतून पांढरा! तो पांढरा असू शकतो हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. फळी वर ओढलेली, फळीपुढची जाळी काढून, घासून, उन्हात वाळत टाकलेली. तळाचे दगड धुऊन एका बाजूला रचलेले, मोठ्याला मोठा, छोट्याला छोटा. आणि मधोमध जरीच्या कुर्त्याच्या बाह्या खोचून, कपाळाला राख लागलेली मुअत्तर. आम्हाला बघून तिनं झाडू खाली ठेवला, छातीवर हात ठेवला आणि वाकून सलाम केला. खाली बघत होती, पण चेहरा सांगत होता: आता कुणी यावं आणि बघावं!

माझ्या आईचं तोंड उघडं ते उघडंच. तेवढ्यात इनोबत खोला दारात आल्या. हौद बघितला. हातातला राहिलेला एक वाडगा सोडून दिला. तो फुटला, तरी त्यांना ऐकू आलं नाही.

"हे… हेऽऽ… तो कुठाय?"

मुअत्तर पुढं आली आणि त्यांच्या कानात कुजबुजली. "फेकलं, ओयीजान. सगळं शेवाळ फेकलं."

"शेवाळ नाही गंऽऽ! मासा! एवढा! काळा!"

मुअत्तरच्या चेहऱ्यावरून रंग उतरताना मी पाहिला. आधी गाल, मग ओठ. "साप नव्हता तो?" ती पुटपुटली.

"साप? अगं तुझे सासरे आता मला या हौदात टाकून वरून फळी लावतील! वाऽय, मेले मी, वाऽय!" आणि खोला त्या लख्ख हौदाच्या काठावर मटकन बसल्या.

बाहेर बसचा भोंगा वाजला. अका जेवायला येतात तेव्हा एकदाच वाजवतात.

तोवर गल्ली अंगणात जमली होती. अका आत आले. वाट आपोआप मोकळी झाली. त्यांनी हौद बघितला. मग रचलेले दगड बघितले. वाळत टाकलेली जाळी बघितली. डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभे राहिले. मयताला उभे राहतात तसे. मुअत्तर भिंतीला इतकी चिकटली की भिंतीत शिरतेय की काय असं वाटलं. आता फुटणार, आता फुटणार, अशा नजरेनं सगळे अकांकडं बघत होते.

"उतरा," अका म्हणाले.

कुणालाच कळलं नाही. ते स्वतःच बूट न काढता पाटात उतरले आणि वाकून दोन्ही हातांनी पाणी चाचपायला लागले. तेव्हा कळलं.

आमच्याकडं पाट साफ करायला दर वसंतात सगळी गल्ली एकत्र उतरते. तशी त्या दिवशी माशांसाठी उतरली. बादल्या, चाळण्या, पिठाच्या गाळण्या, एका बाईनं तर पाळण्यातली चादर आणली. पाणी खाली जातं, म्हणून सगळे खाली. "इकडं एक!" "सोड, तो दगड आहे!" "दगडाला मिशा कुठून आल्या मग?" "बदक धरा, बदक! गिळलं मेल्यानं!" "धरलं बदक! आता काय करू?" "हलवऽऽ!"

मिशाळ सापडले, बोटाएवढे काही सापडले. काळ्या पोटाचा एक मेलेला सापडला. तो अकांनी टोपीत ठेवला. ओसमान मात्र नाही. आमचा पाट गल्ली संपली की उघड्यावर, कलिंगडाच्या रानात जातो. तिथं पाणी घोट्याएवढं आणि वर ऊन. बर्फाच्या पाण्यात वाढलेल्या जिवाला ते पाणी म्हणजे कढई. अका एकेक पाऊल पुढं जात होते आणि सूर्याकडं बघत होते. त्यांना एवढं घाबरलेलं मी बसच्या स्टिअरिंगमागं कधी बघितलं नव्हतं, आणि त्या घाटात घाबरण्यासारखी वळणं पुष्कळ आहेत.

इकडं फाटकात मुअत्तर. एक पाय आत, एक बाहेर. तोंड उघडतेय, मिटतेय, स्वतःच मासा झाल्यासारखी. तिनं इनोबत खोलांची बाही ओढली. "ओयीजान…"

"आत जा! पाहुण्या येतील, तोंड धू!"

"ओयीजान, पण तो…"

"पुरे झालं गं बाई! तू आजच्याला पुरेसं केलंस!"

तिनं माझ्याकडं बघितलं, मग पाटाकडं, मग दूर रानाच्या तोंडाशी पोहोचलेल्या अकांच्या पाठीकडं. डोळ्यांत पाणी. तिनं छातीवर हात ठेवला, सलामासाठी ठेवतात तसा, आणि श्वास घेतला.

"ओताजाऽऽन! खाली नाही! वऽऽर! वर गेलाय तो!"

योज्योवोनची माणसं वाळूच्या टेकडीवरून पलीकडच्या टेकडीवरची मेंढरं हाकतात. तो आवाज तसला होता. चहाखान्यातल्या सोतवोल्दी अकांच्या हातून किटलीचं झाकण पडलं, ते मी इथून ऐकलं. सगळी गल्ली वाकलेल्या स्थितीतच थांबली. बदकं गप्प. तीन दिवसांची सून! सासऱ्याला! रस्त्यावर! इनोबत खोलांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकलं, जणू त्याच ओरडल्या होत्या.

अका वळले. त्यांनी सरळ तिच्याकडं बघितलं.

"कुठं?"

"फळीतून निघाला, पाटात पडला, जरा थांबला," मुअत्तर आता थांबायला तयार नव्हती, "आणि पाण्याच्या उलटा गेला, ओताजान, असा, हे असा!" आणि तिनं हात नागमोडी हलवला. "मला वाटलं साप. मग आता वाटलं, साप कशाला एवढ्या थंड पाण्यात वर चढेल? तो घरी निघालाय! डोंगराकडं!"

"वाऽय, अजून बोलतेय!" इनोबत खोला म्हणाल्या.

अका धावले. यिगितअली अका धावू शकतात हे त्या दिवसाचं पुढचं आश्चर्य.

पाट वर चहाखान्यापाशी जातो. तिथं सोतवोल्दी अकांनी पाटावरच मोठं लाकडी तख्त टाकलंय, म्हाताऱ्यांच्या पायाखाली गारवा राहावा म्हणून. तख्ताच्या पलीकडं लोखंडी जाळी आहे, तिच्यापुढं मासा जाऊच शकत नाही. म्हणजे असला तर तख्ताखाली. आणि तख्तावर गल्लीतले म्हातारे, मधे पुलावाचं मोठं ताट, नुकतं ठेवलेलं, वाफाळतं.

"उतरा," अका म्हणाले.

नेमत बोबो सगळ्यात वयस्कर. दात नसल्यामुळं त्यांचं बोलणं तोंडातच फिरतं. "भात आलाय," ते म्हणाले. "भात आल्यावर कुणी उठत नसतं."

"बोबो, मासा आहे खाली!"

"असू दे की. त्याला आम्ही कुठं बोलावलंय?"

अका एक क्षण उभे राहिले. मग वाकले आणि तख्ताचा एक पाय धरला. बाकीच्यांना समजलं. चारी बाजूंनी माणसं लागली आणि तख्त म्हाताऱ्यांसकट, पुलावासकट, उशांसकट उचललं गेलं. नेमत बोबोंनी एका हातानं ताट धरलं आणि दुसऱ्या हातानं घास घेतला. हवेत.

खाली गडद पाण्यात तो होता. जाळीला तोंड लावून, कल्ले जोरात हलवत.

अकांनी दोन्ही हातांनी धरला. सुटला. परत धरला, परत सुटला. अंगावर खवले नाहीत, धरायचं कशाला? ओल्या साबणासारखा. प्रत्येक वेळी निसटताना जाळीवर आपटत होता आणि नाकावर रक्त आलं होतं. चाळणीत त्याचं डोकं तेवढंच मावे.

"कापड द्या!" अका ओरडले. "मोठं कापड!"

सोतवोल्दी अकांनी दस्तरखान ओढला, आणि तिथंच थांबले. त्यावर रोट्या होत्या. ज्या कापडावर रोटी वाढतात त्यात मासा? त्यांनी रोट्यांकडं बघितलं, माशाकडं बघितलं, आणि दस्तरखान परत सरळ केला. कुणीही तेच केलं असतं.

मुअत्तर वळली आणि पळाली. "गेली," कुणीतरी म्हणालं, "शरमेनं माहेरी गेली असणार." तख्त धरलेले लोक कण्हायला लागले. "लवकर करा हो! नेमत बोबो जड झालेत!" "मी नाही, भात जड झालाय," वरून उत्तर आलं.

तर ती परत आली. गल्लीच्या मधून, भर दुपारी, हातात पांढऱ्या मलमलीचा मोठ्ठा ढीग, मागं लोळत येणारा, कडेला जरी.

इनोबत खोलांनी तो ओळखला आणि त्यांच्या तोंडून आवाजच निघेना. नुसता श्वास. लग्नाचा पडदा होता तो. नवरानवरीच्या खोलीतला, चाळीस दिवस जागेवरून हलवायचा नाही, परक्या डोळ्याला दाखवायचा नाही. हललाच तर नजर लागते, संसार विस्कटतो, काय काय होतं ते आमच्या आज्या सांगतात आणि सांगतानासुद्धा आवाज खाली करतात. मुअत्तरनं तो पाण्यात पसरला, बूट काढले, कुर्ता वर धरला आणि पाटात उतरली.

"ते टोक धरा, ओताजान. मी हे धरते. तुम्ही ढकला, मी उचलते."

"हळू," अका म्हणाले.

"हळूच करतेय."

सासरा आणि सून, पाण्यात, लग्नाचा पडदा धरून. वर हवेत म्हातारे. काठावर अख्खी गल्ली. सिरोजिद्दीन तेवढ्यात खुर्च्या पोहोचवून आला. त्यानं बापाला बघितलं, बायकोला बघितलं, पडदा बघितला, आणि कानाच्या टोकापर्यंत लाल होऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

ओसमान मलमलीत आला. एकदाच तडफडला. मग शांत.

घरी हौद कोरडा. अंगणात लग्नाच्या पुलावाची मोठी कढई अजून परत गेली नव्हती. ती पाटाच्या पाण्यानं भरली आणि अकांनी त्याला तिच्यात सोडलं. तो एका कुशीवर कलला. अकांनी बाह्या न सरसावता दोन्ही हात आत घातले आणि त्याला सरळ धरून राहिले. कल्ले हलत होते, पण अगदी मंद. मुअत्तर पाटापासून कढईपर्यंत बादल्या आणत होती, जुनं पाणी काढत होती, नवं ओतत होती. बादली ओतल्याचा आवाज तेवढा होत होता.

याच वेळी सूनमुख बघणाऱ्या बायका आल्या. नटलेल्या, अत्तर लावलेल्या, पुढं एक धिप्पाड मावशी. त्यांनी बघितलं: पुलावाच्या कढईला मिठी मारून बसलेला सासरा, झाडावर ठिबकणारा लग्नाचा पडदा, आणि चिखलानं माखलेली एक मुलगी.

"आम्ही…" मावशी म्हणाल्या, "आम्ही सूनमुख बघायला आलो होतो."

"बघा," इनोबत खोला म्हणाल्या. त्यांच्यात वाद घालायचं बळ उरलं नव्हतं. "तीच ती. ओली."

मुअत्तरनं बादली खाली ठेवली, छातीवर हात ठेवून वाकून सलाम केला, आणि परत बादली उचलली. मावशींनी भेटीची गाठोडी छातीशी घट्ट धरली. बसावं की पळावं हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्या कढईजवळ वाकल्या, आत काय आहे बघायला.

अकांनी तेव्हाच हात सोडले. ओसमान क्षणभर कललाच राहिला. मग सरळ झाला आणि शेपटीचा असा फटका मारला की मावशींचं अत्तर, काजळ, सगळं एकदम धुऊन निघालं.

"वाऽय!" मावशी.

"जिवंत आहे," अका म्हणाले, आणि हसले. मी त्यांना हसताना बघितलं. गल्लीनं बघितलं. इनोबत खोलांनी तर इतका वेळ बघितलं की नंतर रुमालाच्या टोकानं डोळे पुसले.

मग अका सुनेकडं वळले. सगळे जवळ सरकले, कारण आता खरं काय ते येणार होतं.

"हा हौद परत हिरवा व्हायला हवा, पोरी," ते म्हणाले. त्यांच्याकडून एवढं लांब वाक्य गल्लीनं कधीच ऐकलं नव्हतं. "शेवाळ नसलं तर ते मिशाळ खाणार काय? पांढऱ्या हौदात ते चिकटतसुद्धा नाहीत. त्याला हिवाळा उजाडेल. हा बिचाराही उघड्या पांढऱ्या हौदात राहणार नाही, तोवर कढईत वळायचा कुठं?"

मुअत्तरनं मान खाली घातली. मग वर केली.

"होईल, ओताजान. मी आजपासून झाडूला हातच लावत नाही."

"ऐकाऽऽ!" इनोबत खोलांनी आमच्या आईचा दंड धरला, मावशींची बाही धरली, हाताला जे लागेल ते धरलं. "वाऽय, मेले मी! तिसऱ्या दिवशीऽऽ! तिसऱ्या दिवशी झाडू खाली ठेवला हिनं, आणि ह्यांना बघा, ह्यांना बघा, मान काय डोलवतायत!"